हारातला दोरा

"फुलांचं काय न्हाई वो, ती कुजत्यात. दोऱ्यानं मशीन बसतंय," निर्माल्याचं खत करणाऱ्या एका मामांनी मला सांगितलं होतं. हारातला दोरा यंत्राच्या पात्यांना गुंडाळतो आणि काम ठप्प होतं. दर गणपतीत ट्रॉल्या भरून निर्माल्य निघतं, तर मग त्यातला दोरा काढतं कोण? ते बघायला गौरी-गणपतीच्या विसर्जनाला मी कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर गेले.

काढतात ती कॉलेजची पोरं. राष्ट्रीय सेवा योजनेतली, आणि त्यांच्या जोडीला एका तरुण मंडळाची. गुऱ्हाळावर असतात तसल्या मोठाल्या काहिली पाण्याने भरून ठेवलेल्या; लोक आरती करून त्यात मूर्ती बुडवत होते आणि पोरांच्या हाती देत होते. शेजारी निर्माल्याची पिंपं. गर्दी, टाळ्या, मोरया, सगळं तिथेच. निर्माल्य निवडायची ताडपत्री मात्र मागे, खांबावरच्या दिव्याखाली अंथरली होती.

पिशवीची गाठ सुटली की आधी वास येतो. झेंडू, दूर्वा, केवडा, उदबत्तीची राख आणि पंचामृताचा आंबूसपणा, प्लास्टिकमध्ये कित्येक दिवस कोंडलेला. नवीन पोरं तोंड फिरवत होती. ताडपत्रीच्या कडेला मांडी घालून बसलेली एक मुलगी तेवढी फिरवत नव्हती. ती हाराची गाठ कात्रीने तोडायची, दोऱ्याचं टोक बोटाला वळवायची आणि एका ओढीत सगळी फुलं खाली. सुती दोरा फुलांच्या ढिगात, नायलॉन आणि जर वेगळ्या पोत्यात. थर्माकोलचे मणी, प्लास्टिकची फुलं, फोटोच्या काचाही पोत्यात. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी मणी येतच होते.

ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास, असं दोन वर्षं काम करायचं असतं. "माझे २४० तास गेल्या वर्षीच भरले," ती म्हणाली. "आता अशीच येतो." कोल्हापूरच्या मुलीच्या तोंडचं ते 'येतो' मला फार आवडलं. ज्यांचे तास अजून भरायचे होते, त्यांतले काही जण सारखे मोबाइलमध्ये वेळ बघत होते. पण त्यांच्यातलाच एक मुलगा, जो सुरुवातीला नाकाला रुमाल बांधून उभा होता, रात्र चढेपर्यंत तिच्या बरोबरीने दोरे ओढत होता. त्याला कुणी भाषण दिलं नव्हतं. तिने फक्त एवढं सांगितलं होतं, की फुलं पाण्यात कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातात आणि मग मासे वर येऊन तोंड उघडतात. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडलेला त्याने पाहिला होता.

तेवढ्यात एक आजोबा थांबले. "पोरी, जयंती नाल्याचं पाणी नदीत जातंय, ते बघा की आधी. ह्या फुलांनी काय होतंय?"

प्रश्न खरा आहे. सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी यांच्यापुढे निर्माल्य थोडंच. याच नदीकाठच्या इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्याने काविळीची साथ आली, माणसं दगावली. ती काही झेंडूमुळे नव्हे. पण हा प्रश्न विचारायचा तो नाला ज्यांच्या अखत्यारीत आहे त्यांना. रात्री ताडपत्रीवर बसलेल्या पोरीला तो विचारणं मला अन्यायाचं वाटलं. तिला वाटलं नाही. "नाल्याचं निवेदन पण दिलंय, आजोबा," ती म्हणाली आणि पुढची पिशवी ओढली.

निवडलेली फुलं कॉलेजच्या मागच्या खड्ड्यात जातात. त्यावर सुका पाला, शेण, पुन्हा फुलं. ओली फुलं नुसतीच रचली तर हवा कोंडते आणि ढीग नासतो, म्हणून पाला हवा आणि अधूनमधून फावड्याने उलथणं हवं. मी नंतर तिथे गेले तेव्हा तिने ढिगात हात घालायला सांगितलं. आत चांगलंच गरम लागत होतं. आंबूस वास जाऊन पावसाळी मातीचा वास येत होता. मूठभर काळ्या भुसभुशीत मातीत एक हिरवा नायलॉनचा धागा मात्र जसाच्या तसा. तिने तो काढून खिशात टाकला.

आता तिचं लक्ष फुलबाजाराकडे आहे. पूर्वी हार केळीच्या सोपटाने बांधत, हे तिला आजीकडून कळलंय. मंडळाची दोन पोरं घेऊन ती एका फुलवाल्या मावशींकडे गेली होती. मावशींनी सरळ हिशेब मांडला: सुती दोरा मोठ्या हाराचं वजन पेलत नाही, मधेच तुटतो, आणि तुटलेला हार गिऱ्हाईक परत आणतं. मग सुती दोरा दुहेरी घ्यायचा, त्याचे वाढीव पैसे मंडळाने द्यायचे, असं ठरलं. येत्या वर्षी मंडळाच्या मूर्तीचे सगळे हार तसे असतील. तिचे २४० तास कधीच भरलेत. पुढच्या गणपतीत ती कॉलेजमध्येही नसेल. मावशींनी आगाऊ रक्कम मागितली आहे, आणि ती गोळा करायला तिने सुरुवात केली आहे.