इंजिनबदलानंतर गिअरबॉक्सची जुळवणी

मालवाहू ट्रकचे मूळ इंजिन काढून अधिक शक्तिशाली इंजिन बसवले जाते, तेव्हा त्या इंजिनाचा टॉर्क, फेऱ्यांची मर्यादा आणि जोडणीची मापे यांना साजेसा गिअरबॉक्स निवडावा लागतो. टॉर्क म्हणजे दंड फिरवण्याचा जोर. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. जुळवणी चुकल्यास क्लच घसरतो, दंतचक्रांचे दात तुटतात किंवा वाहन घाटात भर चढावर शक्तिहीन होते. अश्वशक्तीचा आकडा पाहून गिअरबॉक्स निवडणे ही या कामातील सर्वांत सामान्य चूक होय. गिअरबॉक्स मोडतो तो टॉर्कमुळे.

टॉर्क आणि गुणोत्तर

कमिन्स कंपनीचे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरचे ‘बी’ मालिकेतील डिझेल इंजिन हे याचे बहुचर्चित उदाहरण आहे. अमेरिकेत १९८९ मध्ये ते डॉज पिकअप ट्रकमध्ये आले. त्याची शक्ती १६० अश्वशक्ती, म्हणजे आकड्याने माफकच होती. टॉर्क मात्र सुमारे ५४२ न्यूटन-मीटर होता आणि तो मिनिटाला अवघ्या १,७०० फेऱ्यांच्या आसपास मिळत असे. पेट्रोल इंजिनासाठी आखलेल्या हलक्या गिअरबॉक्सला हा भार सोसत नाही. १९९४ पासून त्या ट्रकमध्ये वापरलेल्या एनव्ही ४५०० या पाच गतींच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर ५.६१ होते. ५४२ न्यूटन-मीटरला ५.६१ ने गुणले की गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा टॉर्क सुमारे ३,०४० न्यूटन-मीटर होतो. पुढे डिफरन्शियलचे गुणोत्तर ४.१० असेल तर, घर्षणातील घट सोडून, चाकांच्या आसांवर सुमारे १२,४७० न्यूटन-मीटर पोहोचतात. म्हणून प्रोपेलर शाफ्ट आणि मागील आस यांची क्षमताही त्याच वेळी तपासावी लागते. मजबूत समजल्या जाणाऱ्या एनव्ही ४५०० मध्येही पाचव्या गिअरचे नट सैल होण्याचा दोष प्रसिद्ध आहे.

इंधनपंपाची मांडणी बदलून वा टर्बोचार्जर मोठा करून इंजिनाचा जोर वाढवला असेल, तर हिशेब वाढीव टॉर्कवर करावा लागतो. कारखान्याने दिलेला आकडा तेथे निरुपयोगी ठरतो.

फेऱ्या आणि वेग

जुन्या जड डिझेल इंजिनाचा गव्हर्नर फेऱ्या मिनिटाला साधारण २,५०० च्या आसपास रोखतो. चाकाचा व्यास ०.८ मीटर असेल, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ५३० फेऱ्या घेते. पेट्रोल ट्रकचे मूळ ४.८८ गुणोत्तराचे डिफरन्शियल तसेच ठेवले, तर थेट गिअरमध्ये इंजिनाला सुमारे २,५९० फेऱ्या लागतील, म्हणजे तो वेग गाठताच येणार नाही. ४.१० चे डिफरन्शियल आणि ०.७५ गुणोत्तराचा ओव्हरड्राइव्ह दिल्यास त्याच वेगाला सुमारे १,६३० फेऱ्या पुरतात. इंजिन आपल्या कमाल टॉर्कच्या जवळ चालते आणि इंधनही वाचते.

जोडणी

इंजिनाचे फ्लायव्हील हाउसिंग आणि गिअरबॉक्सची बेल हाउसिंग यांची मापे एसएई क्रमांकांनी ठरलेली आहेत. क्रमांक जितका लहान, तितके माप मोठे : क्र. ३ च्या हाउसिंगचा आतील व्यास ४०९.५८ मिलिमीटर, तर क्र. २ चा ४४७.६८ मिलिमीटर असतो. मापे जुळत नसल्यास मध्ये अडॅप्टर प्लेट बसवतात. ही प्लेट क्रँकशाफ्टच्या अक्षाशी तंतोतंत एककेंद्री असावी लागते. ती किंचितही सरकली, तर इनपुट शाफ्ट दर फेरीला वाकतो आणि बेअरिंग अकाली निकामी होते. प्रत्यक्ष कामात सर्वाधिक दुर्लक्ष याच मोजणीकडे होते. क्लचप्लेटच्या स्प्लाइन इनपुट शाफ्टशी जुळणे आणि शाफ्टचे टोक पायलट बेअरिंगमध्ये योग्य खोलीपर्यंत जाणे, हेही आवश्यक असते. डिझेल इंजिनाच्या धक्क्यांमुळे होणारी कंपने शोषण्यासाठी स्प्रिंगयुक्त क्लचप्लेट वापरतात. गिअरबॉक्स स्वयंचलित असेल, तर कमी फेऱ्यांवर पकड घेणारा टॉर्क कन्व्हर्टर लागतो.

कोथरूड व भारतातील स्थिती

या विषयाशी पुण्याच्या कोथरूड उपनगराचा दुहेरी संबंध आहे. १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स या नावाने स्थापन झालेल्या, आजच्या कमिन्स इंडिया कंपनीचा डिझेल इंजिनांचा कारखाना येथे उभा राहिला. ‘बी’ मालिकेची इंजिने मात्र टाटा कमिन्स या १९९३ मधील संयुक्त कंपनीने जमशेदपूर येथे बनवली आणि ती टाटा ट्रकमध्ये बसू लागली. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच ‘एआरएआय’, ही संस्था कोथरूडलगतच्या वेताळ टेकडीवर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनांची चाचणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी ती एक आहे.

भारतात असा बदल कायद्याच्या चौकटीबाहेर करता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलापासून वेगळा होईल असा फेरबदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीचा कठोर अर्थ ग्राह्य धरला. किमान दहा परिवहन वाहने असलेल्या मालकाला राज्य शासन पूर्वपरवानगीविना इंजिन बदलण्याची मुभा देऊ शकते. पण नवे इंजिन त्याच कंपनीचे आणि त्याच प्रकारचे असावे लागते.