सोलोमिया क्रुशेल्नित्स्का : जीवन आणि कलाकार्य

प्रस्तावना
विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपीय संगीतिकेच्या क्षेत्रात ज्या गायिकांनी मानदंड निर्माण केले, त्यांत युक्रेनियन गायिका सोलोमिया क्रुशेल्नित्स्का (1872–1952) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. स्वतंत्र राष्ट्र नसलेल्या समाजातून आलेल्या या कलावतीने परभाषांच्या रंगमंचावर कीर्ती मिळवूनही स्वभाषेशी असलेले नाते कसे जपले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जन्म व शिक्षण
त्यांचा जन्म ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील गॅलिशिया प्रांतात, बिल्याविन्त्सी या खेड्यात एका ग्रीक कॅथलिक धर्मगुरूच्या कुटुंबात झाला. या पंथात धर्मगुरूंना विवाहाची मुभा होती. बालपण तेर्नोपिलजवळील बिला या गावी गेले. ल्विव्ह येथील संगीत विद्यालयात वालेरी व्हिसोत्स्की यांच्याकडे शिक्षण घेऊन त्या 1893 मध्ये उत्तीर्ण झाल्या. त्याच वर्षी दोनित्सेत्ती यांच्या ‘ला फाव्होरिता’मधून त्यांनी ल्विव्हच्या रंगमंचावर पदार्पण केले. पुढे मिलान येथे फाउस्ता क्रेस्पी यांच्याकडे त्यांनी गायनाचा अभ्यास केला.

कारकीर्द
1898 ते 1902 या काळात त्या वॉर्सा येथील संगीतिकागृहाच्या प्रमुख गायिका होत्या. त्यांचे नाव जगभर झाले ते मात्र इटलीत. 17 फेब्रुवारी 1904 रोजी मिलानच्या ‘ला स्काला’ या नाट्यगृहात पुचिनी यांच्या ‘मादामा बटरफ्लाय’चा पहिला प्रयोग सपशेल अयशस्वी ठरला. पुचिनींनी दीर्घ दुसऱ्या अंकाचे दोन भाग केले, काही भाग वगळला व नायकासाठी एक नवे गीत रचले. ही सुधारित संगीतिका 28 मे 1904 रोजी ब्रेशिया येथे सादर झाली. नायिकेच्या भूमिकेत क्रुशेल्नित्स्का होत्या. या प्रयोगास उदंड यश लाभले. या यशामागे पुनर्लेखनाचा वाटा मोठा असला, तरी नव्या संहितेला प्राण देणारा आवाज त्यांचा होता, हे विसरता येत नाही.

1906 मध्ये तोस्कानिनी यांच्या संचालनाखाली रिचर्ड स्ट्राउस यांची ‘सालोमे’ व 1909 मध्ये ‘एलेक्ट्रा’ या संगीतिका त्यांनी ‘ला स्काला’त गाऊन दाखविल्या. आधुनिक आणि दुष्कर स्वररचना स्वीकारण्याची ही वृत्ती त्यांच्या कलेचे वैशिष्ट्य होय. 1910 मध्ये त्यांचा विवाह इटालियन वकील चेझारे रिच्चोनी यांच्याशी झाला. 1920 च्या सुमारास, आवाज शाबूत असतानाच, त्यांनी संगीतिकेचा निरोप घेतला व मैफलींकडे वळून अनेक भाषांतील गीतांबरोबर युक्रेनियन लोकगीते आवर्जून गायिली.

स्वदेशी परत
पतीच्या निधनानंतर 1939 च्या ऑगस्टमध्ये त्या आप्तांना भेटण्यासाठी ल्विव्हला आल्या. सप्टेंबरमध्ये युद्ध भडकले, सोव्हिएत सैन्याने शहर ताब्यात घेतले आणि परतीचा मार्ग बंद झाला. त्यांच्या घराचे राष्ट्रीयीकरण होऊन त्यातील केवळ एक सदनिका त्यांच्याकडे उरली. युद्धानंतर ल्विव्हच्या संगीत विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. इटलीतील घरावरील हक्कही त्यांना सोडावा लागला. प्राध्यापकपद मिळाले ते 1952 मध्ये, मृत्यूपूर्वी काही आठवडे. 16 नोव्हेंबर 1952 रोजी त्यांचे निधन झाले.

समारोप
ज्या शहराने त्यांना घडविले, त्याच शहरातील भव्य संगीतिकागृहास 2000 मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. मात्र हा गौरव त्यांच्या हयातीत झालेली उपेक्षा भरून काढू शकत नाही. कलावंताचे मोल राज्यसत्तेच्या मान्यतेवरून ठरवू नये, हेच त्यांच्या चरित्रातून अध्यापकवर्गाने व विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावयाचे आहे.