ड्रोनलाही लागते शेजपाळी

फवारणीचा ड्रोन आता पुष्कळ शिवारांत दिसू लागला आहे. २०२१ साली सरकारने ड्रोनचे नियम केले, आणि २०२३ साली ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले. उद्या तुमच्या घरची लेक-सूनही हे यंत्र चालवील. पण औषधाने भरलेली टाकी शिवारावरून फिरत असताना खालच्या माणसाचा हुकूम वर पोचतो कसा, आणि अडतो का, हे सर्वांनीच जाणून घेतलेले बरे.

हा हुकूम रेडिओलहरींवरून जातो. बहुतेक ड्रोन २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २४० कोटी हेलकावे! हे पट्टे वापरायला वेगळा परवाना काढावा लागत नाही, म्हणून तिथे गर्दीही फार. घरोघरचे वाय-फाय आणि ब्लूटूथ यांचाही राबता तिथेच. जत्रेत चार कर्णे एकदम लागले की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, तशीच गत ड्रोनची होते.

यावर तोड काय? पाटाच्या पाण्याला आपण शेजपाळी लावतो. लहरींना मात्र पाळी लावून देणारा पाटकरी नाही. म्हणून पट्ट्याच्या बारीक बारीक चाऱ्या पाडलेल्या असतात, आणि यंत्र स्वतःच त्यांना कान लावते. जी चारी मोकळी, तिच्यातून बोलायचे. गोंगाट वाढला की दुसरी धरायची. चाऱ्या बदलत बोलण्याची ही युक्ती जुनी आहे. पाणतीराचा रेडिओ-हुकूम शत्रूला अडवता येऊ नये म्हणून सिनेनटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी १९४२ साली अमेरिकेत तिचे पेटंट मिळवले होते.

वाटून घेण्यात मानाचा क्रमही असतो. ५ गिगाहर्ट्झच्या काही भागात पावसाची वर्दी देणारी रडारे चालतात. अमेरिकेचा नियम असा, की तिथे वाय-फायच्या यंत्राने आधी ६० सेकंद कानोसा घ्यावा. रडार ऐकू आले तर १० सेकंदांत चारी सोडावी आणि पुढची ३० मिनिटे तिकडे फिरकू नये.

यात एक मेख आहे. खालच्या यंत्राला झाडे-घरे आड येतात, म्हणून त्याला सगळे शांत वाटते. उंचावरच्या ड्रोनला मात्र दूरदूरचा गोंगाट ऐकू येतो. म्हणून दोघांनीही कानोसा घेऊन एकमेकांना कळवावे, तेव्हाच चारीची निवड नीट होते.

एवढे करूनही संपर्क तुटू शकतो. तेव्हा फवारणीआधी चालकाला जरूर विचारा, “संपर्क तुटला तर ड्रोन काय करील?” जागीच थांबेल, की उडाला तिथे परतेल? परतणार असेल तर परतीची उंची झाडांहून आणि विजेच्या तारांहून जास्त ठेवली आहे ना, याची खात्री करून घ्या. चालकाने ट्रॅक्टरच्या किंवा पत्र्याच्या शेडच्या आडोशाला उभे राहू नये. धातू लहरी अडवतो. त्याच्याभोवती घोळका करू नका, जवळच्या मोबाइलचे हॉटस्पॉट बंद ठेवा, आणि मुले-गुरे वावराबाहेरच असू द्या.