डॉक्टर व्हायचंय? मग मार्कांबरोबर कागदही अकरावीपासूनच जमवा

कुंडल : दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी एकच चर्चा असते. पोरगी हुशार आहे, तिला डॉक्टर करायचं. मग कुणी कोटा सुचवतं, कुणी बीदर, कुणी म्हणतं आधी बी.एस्सी. करू दे. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी आणि मग मेडिकल कॉलेज असा रस्ता आहे. आपल्याकडे तसं नाही. इथे बारावीनंतर थेट एमबीबीएस, म्हणून तयारीची वर्षं अकरावी आणि बारावी हीच.

विषय आणि परीक्षा

अकरावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवंच. गणित नसलं तरी एमबीबीएसला अडत नाही. बारावीत फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी मिळून खुल्या वर्गाला 50 टक्के, ओबीसीला 40 टक्के लागतात. पण प्रवेश ठरतो तो नीटच्या गुणांवर. प्रश्न 180, गुण 720, वेळ तीन तास. त्यातले 90 प्रश्न एकट्या बायोलॉजीचे. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकलं की एक कापला जातो. म्हणून एनसीईआरटीची पुस्तकं, विशेषतः बायोलॉजीचं, ओळ न् ओळ वाचून झालं पाहिजे.

पेपर मराठीत आणि उर्दूतही मिळतो. मात्र फॉर्म भरताना भाषा विचार करूनच निवडा. पुढे एमबीबीएसची पुस्तकं इंग्रजीत असतात, तेव्हा मराठी किंवा उर्दू माध्यमातल्या मुलांनी अकरावीपासून इंग्रजी शब्दांची सवय लावावी.

कोटा-बीदरला पाठवण्याआधी

सरकारी मेडिकल कॉलेजच्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात, 15 टक्के देशपातळीवर. राज्याच्या कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास असावं लागतं, शिवाय डोमिसाइल. मुलाचं नाव अकरावीला राजस्थान किंवा कर्नाटकातल्या कॉलेजात घातलं आणि बारावी तिथूनच दिली, तर चांगले गुण मिळवूनही ही 85 टक्क्यांची वाट बहुतेक बंद होते. क्लास बाहेर लावायचाच असेल तर बारावी इथून द्या आणि रिपीटच्या वर्षी पाठवा. नीट किती वेळा द्यावी यावर मर्यादा नाही.

घरातल्या पेटीतले कागद

आपल्या भागात मुलाणी, मुजावर, तांबोळी, अत्तार, नदाफ, शिकलगार अशी घरं पुष्कळ. यातल्या बऱ्याच बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण नुसत्या आडनावावर जात सिद्ध होत नाही. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुना महसुली कागद, जे असेल ते. अडचण अशी, की जुन्या दाखल्यांवर जातीच्या जागी नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. अशा वेळी चुलते, चुलत भाऊ, आत्या अशा वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी झाली आहे का ते विचारा. तो कागद फार कामाला येतो.

प्रांत कार्यालयातून जातीचा दाखला, मग कॉलेजमार्फत जात पडताळणीचा अर्ज, आणि नॉन-क्रिमिलेअर. पडताळणीला वेळ लागतो, म्हणून अर्ज अकरावीतच टाका. नीटचा निकाल आल्यावर धावाधाव केली तर उशीर होतो. आधार, दहावीची मार्कशीट आणि शाळेचा दाखला यांवर 'मोहम्मद', 'शेख', 'अब्दुल' वेगवेगळ्या स्पेलिंगने असेल तर तेही आताच दुरुस्त करून घ्या.

जी घरं कोणत्याही आरक्षणात येत नाहीत आणि ज्यांचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांनी ईडब्ल्यूएस पाहावं. 15 टक्क्यांच्या देशपातळीवरच्या जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा लागतो.

जवळची कॉलेजं आणि पैसा

किर्लोस्करवाडीला रेल्वेत बसलं की मिरज लांब नाही. तिथलं सरकारी मेडिकल कॉलेज 1962 चं. कोल्हापूरला सरकारी कॉलेज आहे, साताऱ्यालाही अलीकडे झालं. सांगलीचं भारती विद्यापीठ आणि कराडचं कृष्णा ही अभिमत विद्यापीठं. तिथले प्रवेश केंद्राच्या फेरीतून होतात, राज्याचं आरक्षण लागू नाही, आणि फीचा आकडा ऐकूनच बसावं लागतं. जवळ आहे म्हणून पसंतीक्रमात वर टाकू नका, आधी फी बघा.

मुलींसाठी 2024-25 पासून मोठी सोय झाली आहे. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलीला सरकारी फेरीतून प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. मॅनेजमेंट कोटा आणि अभिमत विद्यापीठं यात नाहीत. म्हणजे इथेही कागद आहेत तिलाच सवलत. कर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना विचारून ठेवा.

साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, आणि सरकारी कॉलेजातून शिकलं तर एक वर्ष सरकारी सेवेचा बॉण्ड. हा सगळा हिशेब मुलापुढे आधीच मांडा.

नंबर नाही लागला तर

बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस यांनाही नीटच लागते, त्यामुळे ते फॉर्मही वेळेत भरा. नर्सिंग आणि फिजिओथेरपी हेही दवाखान्यातच नेणारे रस्ते आहेत. एक वर्ष रिपीट करायचं की नाही हे शेजाऱ्यांनी ठरवू नये. गुण किती कमी पडले ते बघून मुलानं आणि घरच्यांनी बसून ठरवावं.

अभ्यास मुलालाच करायचा आहे, तो आपण करू शकत नाही. पण प्रांत ऑफिसच्या रांगेत अब्बांनी उभं राहायचं आणि पेटीतले जुने दाखले दादीला विचारून अम्मीनं शोधायचे, एवढं तर आपल्या हातात आहे. ते काम या आठवड्यातच सुरू करा.