बासष्टाव्या जागेवरचं फॉस्फेट

जेलवर तीन निळे पट्टे उमटले आणि तिन्ही हुबेहूब सारखे दिसले. चांदीपुरा विषाणूच्या 'पी' प्रथिनाचे हे तीन नमुने. पहिला जिवाणूंकडून तयार करून घेतलेला, जसाच्या तसा. दुसऱ्यात केसीन किनेज २ हे फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम मिसळलेलं. तिसऱ्यातही तेच एन्झाइम, पण त्या प्रथिनाच्या ६२ व्या जागेवरचं सेरीन हे अमिनो आम्ल बदलून तिथे ॲलानिन बसवलेलं. फॉस्फेट सेरीनवर चिकटतं, ॲलानिनवर चिकटत नाही.

निळा रंग फक्त प्रथिन दाखवतो, फॉस्फेटचा त्याला पत्ता लागत नाही. म्हणून ज्यातून एन्झाइम फॉस्फेट घेतं ते एटीपी किरणोत्सारी फॉस्फरस-३२ असलेलं वापरतात. ॲक्रिलिकच्या जाड पडद्याआडून हात घालून थेंब सोडायचा, आणि प्रत्येक टप्प्यानंतर हातमोज्यांवरून, बाकावरून गायगर काउंटर फिरवायचा. या फॉस्फरसचं अर्धायुष्य जेमतेम १४ दिवसांचं, त्यामुळे माल आला की सगळी कामं त्याच्या तालावर चालतात. जेल वाळवून एक्स-रे फिल्मखाली ठेवला. फिल्म धुतल्यावर फक्त दुसऱ्या नमुन्याच्या जागी काळा पट्टा होता.

जिवंत विषाणू इथे कुठेच नाही, एकटं प्रथिन आहे, म्हणून हे काम साध्या बाकावर करता येतं. जिवाणूंमध्ये हे किनेज नसतं, आपल्या पेशीत असतं. विषाणूकडे स्वतःचं किनेज नाही. तो आपलंच वापरतो.

एवढ्याशा फॉस्फेटने काय होतं, याचा माग कोलकाता विद्यापीठात ध्रुवज्योती चट्टोपाध्याय यांच्या गटाने काढला. फॉस्फेट लागलेल्या पी-चे दोन रेणू जोडीने राहतात आणि विषाणूच्या पॉलिमरेजला जनुकांचे वेगवेगळे संदेश-आरएनए लिहायला मदत करतात. त्यातून नवी प्रथिनं बनतात. फॉस्फेट नसलेलं पी मात्र सुरुवातीच्या छोट्या लीडर आरएनएला धरतं. मग पॉलिमरेज जनुकांच्या सीमांवर न थांबता अखंड प्रत काढतं, असं या गटाचं प्रतिपादन. विषाणूला दोन्ही हवं: आधी प्रथिनं, मग प्रती. हा बदल एका सेरीनवर तोललेला असावा, हे मला आजही थक्क करतं.

हा विषाणू आपल्याकडचाच. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांत तो पहिल्यांदा सापडला आणि त्या गावाचंच नाव त्याला मिळालं. वाळूमाशी तो पसरवते. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. त्या साली महाराष्ट्रातही साथ होती. २०२४ मध्ये गुजरातमध्ये तो पुन्हा आला. खास औषध नाही, लस नाही.

किनेजच बंद करावं, असं पटकन सुचतं. पण तेच एन्झाइम आपल्या पेशींची कितीतरी कामं करतं. ते रोखलं तर पेशीलाच इजा. पी आणि लीडर आरएनए यांची गाठ मात्र विषाणूची स्वतःची, आपल्या पेशीत तशी काही नाही. औषध शोधायचं तर माझ्या मते तिथे शोधायला हवं.