हेडफोनला साजेसा ॲम्प्लिफायर

हेडफोन ॲम्प्लिफायरचे काम एका वाक्यात सांगता येते. आलेला विद्युत संकेत, त्याचे रूप न बिघडवता, हेडफोनचा पडदा हलवू शकेल इतका मोठा करायचा. हेडफोनचे सॉकेट असलेल्या मोबाइलमध्ये आणि लॅपटॉपमध्येही असा ॲम्प असतोच. स्वतंत्र ॲम्प घ्यावा लागतो तो काही हेडफोनांची भूक त्या छोट्या चिपला भागवता येत नाही म्हणून. ही भूक प्रत्येक हेडफोनची निराळी असते, आणि खोक्यावर ठळक छापलेला वॉटचा आकडा तिच्याविषयी फारसे काही सांगत नाही.

जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये अमेरिकेत स्टिरिओ हेडफोन आणला, तेव्हा आणि पुढेही बराच काळ हेडफोनसाठी निराळा ॲम्प बनवण्याचा विचार फारसा कोणी करत नव्हता. रिसीव्हरमधल्या स्पीकरच्या ॲम्पचाच संकेत शेकडो ओहमच्या रेझिस्टरमधून सॉकेटपर्यंत आणला जाई. स्वस्तातली सोय होती ती. १९९६ च्या आयईसी ६१९३८ या मानकातही हेडफोन सॉकेटच्या रोधासाठी १२० ओहमचा आकडा होता. चांगल्या हेडफोनांच्या पिढ्या बदलल्या, तरी या आकड्याचा त्रास सरला नाही.

हेडफोनची मागणी दोन गोष्टींवरून ठरते: इम्पिडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा ओहममधला अडथळा, आणि संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला किंवा वॉटला मिळणारा आवाज. झेनहायझरचा एचडी ६५० हा ३०० ओहमचा हेडफोन १ व्होल्टला १०३ डेसिबल आवाज देतो. वाद्यवृंदाच्या भरात क्षणभर ११० डेसिबलचा उंचवटा यावा असे धरले, तर त्याला सुमारे २.२ व्होल्ट आणि जेमतेम ७.५ मिलिअँपिअर लागतात. हायफायमॅनचा एचई-६ हा प्लॅनर जातीचा हेडफोन ५० ओहमचा आहे, आणि १ मिलिवॉटला तो फक्त ८३.५ डेसिबल देतो. त्याच उंचवट्यासाठी तो ४.७ व्होल्ट आणि सुमारे ९५ मिलिअँपिअर मागतो. व्होल्टेज दुपटीहून थोडे अधिक, पण विद्युतप्रवाह मात्र बारापटीहून जास्त! ‘जास्त ओहमचा हेडफोन चालवायला अवघड’ हा समज इथेच कोसळतो. जास्त ओहमचा हेडफोन व्होल्टेज मागतो, कमी ओहमचा आळशी हेडफोन प्रवाह मागतो, आणि एकात तरबेज असलेला ॲम्प दुसऱ्यात तोकडा पडू शकतो.

ॲम्पचा स्वतःचा, आउटपुटकडचा इम्पिडन्स हा दुसरा मुद्दा. जाहिरातीत तो क्वचितच सापडतो. एचडी ६५० चा इम्पिडन्स सगळ्या स्वरांना ३०० ओहम राहत नाही. खर्जात, १०० हर्ट्झच्या आसपास, तो ५०० ओहमकडे जातो. १२० ओहमच्या सॉकेटला हा हेडफोन जोडला की त्या पट्ट्यात आवाज साधारण एक डेसिबलने फुगतो. काहींना तो फुगीरपणा उबदार वाटतो आणि ते ॲम्पची स्तुती करतात. कानात घालायच्या, अनेक ड्रायव्हरांच्या इयरफोनमध्ये मात्र प्रकरण गंभीर होते. त्याचा इम्पिडन्स १० ते ४० ओहममध्ये हिंदकळत असेल आणि ॲम्प १० ओहमचा असेल, तर स्वरांचा तोल चार डेसिबलने ढळतो. म्हणून आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा ठोकताळा आहे. प्लॅनर हेडफोनचा इम्पिडन्स जवळजवळ सपाट असल्याने त्याला या दोषाची झळ कमी लागते.

या सगळ्या हिशेबातून एक लहानसा ॲम्प कसा घडतो हे पाहायचे, तर ओ२ हे नाव घ्यावे लागते. एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाच्या अभियंत्याने २०११ मध्ये त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. २०१२ नंतर त्याने आपल्या ब्लॉगवर लिहिणे थांबवले. त्याचे खरे नाव जाहीर झालेले नाही. ओ२ मध्ये महागडे काहीच नाही. पहिल्या टप्प्यात एनजेएम २०६८ ही साधी चिप संकेत मोठा करते. दुसऱ्या टप्प्यात एनजेएम ४५५६ए व्होल्टेज न वाढवता प्रवाह पुरवते. त्यात प्रत्येक कानासाठी दोन ऑप-अँप (संकेत मोठा करणारी तयार सर्किटे), प्रत्येकापुढे १ ओहमचा रेझिस्टर, दोन्ही समांतर. म्हणजे आउटपुट इम्पिडन्स अर्धा ओहम.

खरी गंमत व्हॉल्यूमच्या जागेत आहे. बहुतेक ॲम्पमध्ये व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर, अगदी सुरुवातीला असतो. त्यामुळे पॉटच्या रोधातला आणि पहिल्या टप्प्यातला खरखराट पूर्ण गेनने, म्हणजे संकेत जितक्या पटीने मोठा होतो तितक्याने, वाढून पुढे जातो, आणि आवाज कितीही कमी केला तरी तो तसाच राहतो. ओ२ मध्ये पॉट दोन टप्प्यांच्या मध्ये आहे. आवाज उतरवला की पहिल्या टप्प्याची खरखरही उतरते. या युक्तीची किंमत वापरणाऱ्याला मोजावी लागते. पहिल्या टप्प्यावर येणारा संकेत व्हॉल्यूमच्या ताब्यात नसतो, आणि १२-१२ व्होल्टच्या पुरवठ्यावर तो टप्पा ७ व्होल्टच्या आसपास थकतो. डिजिटल फाइलचा विद्युत संकेत बनवणाऱ्या डॅककडून नेहमीचे २ व्होल्ट आले आणि गेन ६.५ पटीवर ठेवला, तर १३ व्होल्ट हवेत; संकेताचे माथे कापले जातात, मग व्हॉल्यूम कितीही खाली असो. २.५ पटीवर ५ व्होल्ट होतात आणि सगळे सुरळीत चालते. गेनचे बटण कशासाठी आहे हे ठाऊक नसलेला माणूस त्या वेळी दोष ॲम्पलाच देणार.

ओ२ मध्ये एक राखणदारही आहे. ओ२ दोन ९ व्होल्ट बॅटऱ्यांवरही चालतो; त्यांपैकी एक आधी मेली, तर उरलेली बॅटरी हेडफोनमध्ये सरळ डीसी ढकलू शकते आणि व्हॉइस कॉइल जळू शकते. म्हणून एक कंपॅरेटर आणि दोन मॉस्फेट मिळून दोन्ही बाजू एकदमच बंद करतात. महागड्या ॲम्पमध्येही असे संरक्षण आहे का, हे विचारून घेणे बरे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ओ२ जुळवणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की त्याला डीसी चार्जर चालत नाही, एसी देणारा ॲडाप्टर लागतो.

ॲम्प आणि हेडफोनची जोडी जमवण्याच्या अडचणी इथून पुढे सुरू होतात. ११५ डेसिबल संवेदनशीलतेच्या १६ ओहमच्या इयरफोनला ॲम्पकडून फक्त १० मायक्रोव्होल्ट खरखर मिळाली, तरी ती ३३ डेसिबलची होते, आणि शांत खोलीत कानाला स्पष्ट लागते. एचई-६ साठी बांधलेला दणकट ॲम्प अशा इयरफोनला नकोसा होतो. शिवाय गेन जास्त असला की पॉट तळालाच ठेवावा लागतो. तिथे डाव्या आणि उजव्या कानासाठीचे त्याचे दोन पट्टे नेमके जुळत नाहीत, आणि गायक एका कानाकडे सरकतो.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले व्हॉल्व्हचे ॲम्प व्होल्टेज भरपूर देतात, पण प्रवाहाला कंजूस असतात आणि त्यांचा आउटपुट इम्पिडन्स सहज १०० ओहमच्या घरात जातो. ३०० ओहमच्या झेनहायझरशी त्यांचे छान जमते, प्लॅनरशी नाही. एकाच बाजूच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या ॲम्पला डीसी अडवायला आउटपुटवर कपॅसिटर लागतो. तो १०० मायक्रोफॅरडचा असेल तर ३२ ओहमच्या हेडफोनला ५० हर्ट्झच्या खाली खर्ज गळू लागतो, ३०० ओहमला मात्र ५ हर्ट्झपर्यंत धक्का लागत नाही. स्टॅक्सचे इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन तर निराळ्याच जगातले. त्यांच्या पडद्याला ५८० व्होल्टचा बायस आणि शेकडो व्होल्टचा संकेत लागतो. साधा ॲम्प तिथे जोडताही येत नाही.

बॅलन्स्ड जोडणीभोवती बरीच भक्ती जमली आहे. तिने व्होल्टेज दुप्पट मिळते, त्याबरोबर आउटपुट इम्पिडन्सही दुप्पट होतो. व्होल्टेज कमी पडत नसेल तर तिच्यावर जादा खर्च करण्याचे फारसे कारण नाही. ऑप-अँप बदलून पाहण्याचा छंद त्याहून धोक्याचा. वेगवान चिप मूळ आराखड्यात स्थिर राहीलच असे नाही. ती ऐकू न येणाऱ्या वारंवारितेवर दोलायमान होते, तापते, आणि मालकाला आवाज ‘जिवंत’ झाल्यासारखा वाटतो.

दोन ॲम्पची तुलना करताना आधी दोघांचे आउटपुट मल्टिमीटरने मोजून सारखे करावे. अर्ध्या डेसिबलचा फरक मोठेपणा म्हणून जाणवत नाही, स्पष्टता म्हणून जाणवतो, आणि दुकानात थोडा मोठा वाजणारा ॲम्प हमखास जिंकतो. हेडफोन आधी ठरवावा, ॲम्प नंतर. विकत घेण्यापूर्वी आपल्या हेडफोनच्या इम्पिडन्सला मिळणारे व्होल्टेज, आउटपुट इम्पिडन्स आणि मायक्रोव्होल्टमधली खरखर हे तीन आकडे मागावेत. जी कंपनी ते देत नाही, तिच्या ॲम्पवर पैसे घालू नयेत.