अर्ध्या सेकंदाच्या उशिरामुळे जगभरातले सर्व्हर वाचले. एक्सझेड प्रकरण नेमकं काय होतं?

एखादं ॲप उघडायला रोजच्यापेक्षा अर्धा सेकंद जास्त लागला तर आपण काय करतो? काहीच नाही. फार तर नेटवर्कला शिव्या घालतो.

मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांनी मात्र त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवला. ते मायक्रोसॉफ्टमध्ये इंजिनिअर आहेत आणि पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवर काम करतात. डेटाबेसचा वेग मोजायचा म्हणून ते लिनक्स मशीनवर मागे चालणारी फालतू कामं कमी करत होते. तेव्हा त्यांना दिसलं की एसएसएच नावाचा प्रोग्राम उगाच प्रोसेसर खातोय. चुकीच्या युजरनेमने केलेला लॉगिनचा प्रयत्न आधी ०.३ सेकंदात फेटाळला जायचा, आता त्याला ०.८ सेकंद लागत होते.

ते खोदत गेले आणि २९ मार्च २०२४ ला त्यांनी सगळं जाहीर केलं. त्या दिवशी गुड फ्रायडे होता, बऱ्याच देशांत लाँग वीकेंड सुरू झालेला. जगभरातल्या सिस्टीम ॲडमिन लोकांची सुट्टी तिथेच संपली, कारण लिनक्सच्या आत कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता.

आपला काय संबंध?

तुमच्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्स आहे. या प्रकरणात फोनला धोका नव्हता. पण त्या फोनवरून तुम्ही जे काही उघडता, व्हिडिओ, मेल, तिकीट बुकिंग, त्यातलं बरंचसं ज्या सर्व्हरवरून येतं तेही लिनक्सवरच चालतात. हे सर्व्हर कुठेतरी लांब डेटा सेंटरमध्ये असतात. त्यांना सांभाळणारा माणूस आपल्या लॅपटॉपवरून त्यांच्यात शिरतो तो एसएसएचमधून. म्हणजे एसएसएच हे सर्व्हरचं मेन गेट. चोरदरवाजा या गेटमागे होता आणि तो बनवणाऱ्याकडे असलेल्या एका खास डिजिटल किल्लीनेच उघडणार होता. किल्ली असलेल्याला पासवर्डशिवाय सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती. अशा त्रुटींना गांभीर्यानुसार १० पैकी गुण दिले जातात. याला १० मिळाले.

गेट मजबूत होतं, मग चोर आला कुठून?

खरी गंमत इथे आहे. एसएसएचचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा प्रोग्राम ओपनएसएसएच. तो ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमची मंडळी बनवतात आणि ही मंडळी सुरक्षेच्या बाबतीत अतिशय कडक म्हणून ओळखली जातात. त्यांच्या कोडला कुणी हातही लावला नव्हता.

चोर शिरला एक्सझेडमधून. एक्सझेड म्हणजे फाईल दाबून छोटी करणारं साधंसं टूल, आपल्या झिपसारखं. आता फाईल छोटी करणाऱ्या टूलचा लॉगिनशी काय संबंध? मूळ ओपनएसएसएचमध्ये काहीच नाही. पण डेबियन, फेडोरा यांसारख्या काही लिनक्स प्रकारांनी त्यात आपल्या सोयीसाठी एक छोटा बदल केला होता. संगणक सुरू होताना कोणता प्रोग्राम कधी चालू करायचा हे सिस्टमडी नावाची यंत्रणा बघते. एसएसएचने तिला ‘मी चालू झालो’ एवढा निरोप द्यावा म्हणून त्याला सिस्टमडीची लायब्ररी जोडली गेली. लायब्ररी म्हणजे तयार कोडचा संच. सिस्टमडीच्या या लायब्ररीला दुसऱ्याच कामांसाठी एक्सझेडची लायब्ररी लागायची. त्यामुळे एका ओळीच्या निरोपासाठी फाईल दाबणारा कोड थेट मेन गेटच्या केबिनमध्ये येऊन बसला.

हे कुणी दुष्टपणे केलं नव्हतं. प्रत्येक जोडणीमागे त्या त्या वेळी चांगलं कारण होतं. लिनक्सच्या १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीत साधारण दहा हजार ओळी होत्या, आज नुसत्या गाभ्यातच जवळपास चार कोटी ओळी आहेत. डेबियनच्या २०२३ मधल्या आवृत्तीत ६४ हजारांहून जास्त पॅकेजेस होती. कोण कुणाला जोडलंय याचा पूर्ण नकाशा एका माणसाच्या डोक्यात राहणं आता शक्यच नाही. हल्लेखोराने मात्र त्यातली नेमकी एक वाट शोधली होती.

दरवाजा बसवणारा कोण?

तुमच्या सोसायटीत एक काका असतील बघा. वर्षानुवर्षं सेक्रेटरी, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नाही. पगार शून्य आणि पाण्याची मोटर बिघडली की ग्रुपवर सगळे त्यांच्यावरच तुटून पडतात. एक्सझेडचे काका म्हणजे फिनलंडचे लासे कॉलिन. हा प्रोजेक्ट ते बहुतांशी एकट्याने, फुकट आणि छंद म्हणून सांभाळत होते.

२०२१ च्या अखेरीस ‘जिया टॅन’ नावाचं कुणीतरी आलं आणि छोट्या छोट्या दुरुस्त्या पाठवू लागलं. काम खरंच चांगलं होतं. २०२२ मध्ये आणखी काही अनोळखी नावं उगवली आणि कामं रखडलीत, नवा माणूस नेमा असा तगादा लावू लागली. कॉलिन यांनी उघडपणे सांगितलं की हे बिनपगारी काम आहे आणि त्यांची मानसिक तब्येतही बरी नाही. तगादा थांबला नाही. ही नावंही त्याच कटाचा भाग असावीत असा बऱ्याच तज्ज्ञांचा अंदाज आहे. हळूहळू किल्ल्या मदतीला आलेल्या भाडेकरूच्या हातात गेल्या. २०२३ मध्ये नव्या आवृत्त्या जिया टॅनच काढू लागलं होतं.

जिया टॅन म्हणजे एक माणूस की टोळी, कुठल्या देशाची, हे आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही. सव्वादोन वर्षं इमानदारीत काम करून विश्वास कमावणारा चोर सिनेमात दाखवला तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

कोड उघडा होता, मग कुणाला दिसलं कसं नाही?

कोड सगळ्यांसमोर असतो म्हणून ओपन सोर्स सुरक्षित, असं आपण ऐकत आलोय. इथे ते अर्धंच खरं ठरलं.

घातक भाग टेस्टिंगच्या फाईल्समध्ये लपवला होता. अशा टूलच्या चाचणीसाठी मुद्दाम बिघडवलेल्या फाईल्स ठेवाव्याच लागतात, त्या उघडून कोण वाचणार? आणि त्या फाईल्समधून चोरदरवाजा बाहेर काढून जोडणारी स्क्रिप्ट सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हतीच. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांचा जो तयार गठ्ठा लिनक्सवाल्यांना दिला गेला, फक्त त्यात ती होती. म्हणजे ऑडिटला एक वही आणि व्यवहाराला दुसरी.

आणखी एक कारागिरी बघा. एका सुरक्षा सुविधेच्या तपासणीत फक्त एक टिंब जास्तीचं टाकलं होतं. त्यामुळे ती तपासणी दरवेळी फेल व्हायची आणि सुविधा गुपचूप बंद राहायची. स्क्रीनवर ते टिंब धुळीच्या कणासारखं दिसावं.

तरी फ्रॉइंड यांना तळापर्यंत जाता आलं ते कोड उघडा होता म्हणूनच. त्यांना कुणाची परवानगी मागावी लागली नाही. पण ते मुळात त्या रस्त्याने गेले हा योगायोग होता आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

नुकसान किती झालं?

बिघडलेल्या आवृत्त्या डेबियनच्या टेस्टिंग शाखेत, फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांत, ओपनसुसे टंबलवीडमध्ये आणि काली लिनक्समध्ये पोहोचल्या होत्या. सर्व्हरवर चालणाऱ्या स्थिर आवृत्त्या त्यांच्या मागे असतात, तिथे हा कोड अजून गेला नव्हता. उबंटूने खबरदारी म्हणून २४.०४ ची बीटा आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलली आणि पॅकेजेस नव्याने बांधली. काही महिने उशिरा कळलं असतं तर हाच कोड नव्या स्थिर आवृत्त्यांतून जगभरात गेला असता.

त्यानंतर काय बदललं?

दुरुस्ती एका अर्थाने लाजवेल इतकी सोपी होती. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ मध्ये तो ‘मी चालू झालो’ निरोप द्यायची सोय स्वतःचीच केली गेली. थोडासा कोड, लायब्ररीची गरज नाही. सिस्टमडीमध्येही एक्सझेडसारख्या लायब्ररी गरज पडेल तेव्हाच उघडायचा बदल आला, त्याचं काम तर आधीच सुरू झालं होतं. हे बघूनच हल्लेखोराने शेवटी घाई केली असावी, अशी शंका काही जाणकारांनी घेतली.

दोन वह्यांचा प्रश्न जास्त किचकट आहे. त्यावर डेबियनमध्ये बऱ्याच वर्षांपासून रिप्रोड्यूसिबल बिल्ड्सचं काम चालू आहे. एकाच कोडपासून कुणीही पॅकेज बनवलं तरी ते अक्षर न् अक्षर सारखंच निघालं पाहिजे, म्हणजे पॅकेज कुठे बांधलं जातं तिथली लबाडी उघडी पडते. पण इथे गठ्ठाच मुळात बिघडवून दिला होता, त्यामुळे तो उघड्या कोडशी ताडून बघणं हे वेगळं काम उरतंच.

आणि माणसांचं काय? जर्मनीने २०२२ मध्ये सुरू केलेला सॉव्हरिन टेक फंड अशा पायाभूत प्रोजेक्ट्सना सरकारी पैसा देतो. बाकी बरेच प्रोजेक्ट अजूनही एखाद्या काकांच्या फावल्या वेळेवर चालू आहेत.

एक्सझेडची साफ केलेली ५.६.२ आवृत्ती मे २०२४ च्या अखेरीस आली. मधल्या दोन महिन्यांत प्रोजेक्टचा जुना कोड तपासून ती काढली होती लासे कॉलिन यांनीच.